रिकाम्या नळीचे माप

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतले होकायंत्र उत्तर दाखवेनासे झाले. ते मला दाखवू लागले.

मी दारात उभी होते तेव्हा काटा दाराकडे होता. मी बेसिनपाशी गेले, काटा बेसिनकडे आला. उमेश दांडगे यंत्र उचलून व्हरांड्यात गेला आणि तिथून ओरडला, "भिंतीतूनही तूच दिसतेस गं!" मग आत येऊन त्याने यंत्र टेबलावर ठेवले आणि त्याच्यावर आपल्या डब्याचे फडके टाकले. मी हलले की फडक्याखाली काटा सरकल्याचा आवाज येत असे.

"तुझ्या घरात कोणी लोहार होतं का?" त्याने विचारले.

"वडील पोस्टात होते."

"मग शिक्के लोखंडाचे असणार."

दांडगे आणि मी एकाच वर्षी पीएच.डी.ला लागलो. दीपाली गवई आमच्यानंतर आली, त्यामुळे ती मला कावेरीताई म्हणते आणि दांडगेला काहीच म्हणत नाही. टिळेकर मॅडम आमच्या मार्गदर्शक. विभागाच्या तळमजल्यावरच्या या खोलीत आम्ही चौघेच काम करतो.

आम्ही चुंबक बनवतो, पण लोखंडाशिवाय. बहुतेक रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, पाठीला पाठ लावून, आणि एकमेकांचे चुंबकत्व खोडून टाकतात. आमच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा असतो. त्याला जोडीदार नसतो, म्हणून तो लहानशा चुंबकासारखा वागतो. असे दोन रेणू आम्ही तांब्याच्या अणूच्या दोन बाजूंना बसवतो. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड केले तर पदार्थ चुंबक होतो. उलटसुलट केले तर हाती काही उरत नाही, निळा रंग तेवढा उरतो.

असे पदार्थ कडाक्याच्या थंडीतच चुंबक होतात. त्यासाठी आमच्या यंत्रात द्रवरूप हेलियमची एक खोल विहीर आहे. माझे स्फटिक मात्र गेल्या आठवड्यात पंख्याखाली, टेबलावर, साध्या काचेच्या कुपीत चुंबक झाले. कुपी आडवी केली की ते सगळे उठत आणि एका बाजूला तोंड करून बसत.

आमच्या क्षेत्रात आनंदाची बातमी आली की आधी लोखंड शोधतात. स्टीलची चमची पदार्थाला एकदा घासली तरी डोळ्यांना न दिसणारा कीस मागे राहतो, आणि आपण लावलेला शोध त्या किसाचा निघतो. म्हणून आमच्या चमच्या शिंगाच्या आहेत. स्टीलच्या चमच्या काचेच्या कपाटात खिळ्यांना टांगलेल्या असतात. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली मॅडमच्या ॲप्रनच्या उजव्या खिशात. मॅडमचा उजवा हातही बहुतेक त्याच खिशात असतो.

त्या दिवशी दुपारी मॅडमनी फडके उचलले. काटा माझ्याकडे आला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, काट्याकडे पाहिले.

"स्टील कोणी लावलं?"

त्यांनी फडक्याची घडी घातली.

"शुक्रवारी बाहेरचे तज्ज्ञ येतायत. मी त्यांना कळवून बसले आहे. कावेरी, पदार्थ खरा असेल तर तो तुझ्या नावावर. लोखंड निघालं तर तेही तुझ्याच नावावर."

"मी शिंगाचीच चमची वापरली, मॅडम."

"हात दाखवा सगळ्यांनी."

आमच्या पदार्थाचा निळा रंग बोटांना लागला की आठवडाभर निघत नाही. दांडगेचे हात स्वच्छ होते. दीपालीचेही होते, तिने नखांना ताजे नेलपॉलिश लावले होते. माझी बोटे निळी होती. ती तशी असणारच, पदार्थ मीच बनवला होता. मॅडमनी आपला डावा हात पुढे केला, उलटसुलट करून दाखवला आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

मग प्रत्येकाने एकेक करून होकायंत्रासमोरून चालायचे ठरले. माझ्या वेळी काटा माझ्याबरोबर चालत आला. दांडगे एकटा गेला तेव्हा काटा किंचित थरथरला. दीपालीच्या वेळीही तसाच. "माणूस एकटा असला की एवढं होतंच," मॅडम म्हणाल्या. मग दीपालीला चक्कर आल्यासारखे झाले आणि ती स्टुलावर बसली. दुसरे स्टूल नव्हते म्हणून दांडगे तिच्याच स्टुलाच्या दुसऱ्या कडेवर बसला, तिच्या पाठीला पाठ लावून. काटा तत्काळ शांत झाला. मॅडमनी मान वर केली.

"दांडगे कुठे गेला?"

"इथेच आहे, मॅडम," दांडगे म्हणाला.

"चहाला गेला वाटतं. आणि दीपाली?"

"मॅडम, मी समोरच आहे," दीपाली म्हणाली. मॅडम तिच्यातून पलीकडची भिंत पाहत होत्या. दीपाली हसली. दोघे उठले नाहीत.

मॅडमची पाळी आली तेव्हा त्यांना फोन आला.

त्यानंतर दांडगे आणि दीपाली पाठीला पाठ लावूनच काम करू लागले. चालायचे असले तरी तसेच चालत, एक पुढे आणि एक मागे, खेकड्यासारखे. "फुकटात सुटका आहे," दांडगे मला म्हणाला. "तूही कोणीतरी गाठ."

"कोणाला गाठू?"

"वॉचमनला विचार. तोही एकटाच असतो बिचारा."

मी दीपालीला विचारले. ती माझ्याकडे तोंड करू शकत नव्हती, म्हणून खिडकीकडे पाहत बोलली. "कावेरीताई, मी इथून उठले तर काटा माझ्याकडे येईल. मग माझं काय? माझं तर अजून पहिलं वर्षपण झालं नाही."

"पदार्थाला स्टील कोणी लावलं ते तू पाहिलंस का?"

"मी कसं पाहणार? आम्ही पाठमोरे होतो ना."

पदार्थ बनला तेव्हा ते दोघे अजून पाठमोरे झाले नव्हते. हे मी तिला सांगितले. तिने पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले, आणि दांडगेच्या पाठीला आणखी रेलली.

मंगळवारी वजाबाकी सुरू झाली.

ती आमची रोजची पद्धत आहे. पदार्थ मोजायचा तर तो कॅप्सूलमध्ये भरतात, कॅप्सूल सरबताच्या नळीत बसवतात आणि नळी विहिरीत सोडतात. नळ्या आम्ही फाटकाबाहेरच्या रसवंतीतून आणतो. पांढऱ्याच आणायच्या, रंगीत पट्टे असलेल्या चालत नाहीत, रंगातही लोह असते. आधी रिकामी नळी मोजायची, मग भरलेली. भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतो तो पदार्थ. दीपालीला हे मी शिकवले होते. ज्याने धरलंय त्याला वजा करायचं, असे मी तिला सांगितले होते.

"पदार्थ तू धरला होतास," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडचं एकेक वजा करत जाऊ. काटा उत्तरेला गेला तर दोष त्या वस्तूचा. नाही गेला तर पदार्थ खरा."

मला हे पटले. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मीही हेच केले असते.

मी केसांतल्या पिना काढून टेबलावर ठेवल्या. मॅडमनी काटा पाहिला आणि म्हणाल्या, "वजा." टेबलावर पिना नव्हत्या. माझे केस सुटले. ते सकाळी कशाने बांधले होते ते मला आठवेना. काटा माझ्याकडेच होता. मग ओढणीची सेफ्टीपिन, चपलेचे बक्कल, हॉस्टेलच्या खोलीचे कुलूप. प्रत्येक वेळी काटा माझ्याकडेच राहिला आणि प्रत्येक वेळी मला बरे वाटले.

संध्याकाळी खिडकीजवळचा ओटा नव्हता. खिडकी माझ्या टेबलाला लागून आली होती. छत थोडे वर गेले होते. दांडगे आणि दीपाली टेबलांमधून आडवे होऊन गेले. "जागा कमी झाली का?" मी विचारले. "तू जाड झालीस," दांडगे म्हणाला.

बुधवारी मी जेवणाचा डबा आणला. तो स्टीलचा आहे. मी शिकायला बाहेर पडले तेव्हा आईने सटाण्याच्या भांडीवाल्याकडून त्याच्या झाकणावर माझे नाव कोरून घेतले होते. सुईने टिंब टिंब करून कोरतात तसे: कु. कावेरी खैरनार. मी त्यातली मेथीची भाजी दुसऱ्या भांड्यात काढली आणि डबा टेबलावर ठेवला. काटा डब्याकडे वळला, मग माझ्याकडे, मग पुन्हा डब्याकडे. मॅडम जरा वाकल्या. "हे कोणाचं नाव आहे?"

"माझं."

"वजा."

भाजी राहिली. ती बीकरमध्ये होती. काटा माझ्यावर स्थिर झाला.

मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन केला. विचारले, "आई, माझा नाव कोरलेला डबा तू कुठून घेतला होतास?"

"कोणता डबा? आमच्याकडे स्टीलचं भांडं कधी नव्हतंच. सगळं पितळेचं. तुम्ही कोण बोलताय?"

"कावेरी."

"कावेरीची मैत्रीण का? बरं झालं फोन केलात. तिला सांगा, इकडे सगळे बरे आहेत. आणि तुम्ही जेवलात का?"

"जेवले," मी म्हणाले. आई मला आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करत होती आणि तिचा आवाज फार प्रेमळ होता. मी फोन ठेवला. आता पदार्थ खरा निघायलाच हवा होता. तो निघाला की त्याच्यावर माझे नाव लागणार होते, आणि त्या क्षणी माझे नाव दुसरीकडे कुठेच नव्हते.

परत येताना मी काचेच्या कपाटासमोर थांबले. चमच्या ओळीने टांगलेल्या होत्या. एक खिळा रिकामा होता. मी मॅडमना बोलावले.

"इथली एक चमची नाही."

"कपाट तुझ्या टेबलाच्या बाजूला आहे."

"पण किल्ली तुमच्याकडे आहे."

"किल्ली पोलादी होती, कावेरी. सकाळीच वजा केली." उजवा हात त्यांनी खिशातून काढला नाही. खिसा मात्र भरलेला दिसत होता.

"मग आता कपाट उघडायचं कसं?"

"उघडायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी कपाट नव्हते. त्याच्या जागी भिंत आली होती, पांढरी आणि किंचित गोल. तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. मी हात लांब केले तर दोन्ही भिंतींना लागत होते.

मॅडमनी मला रसवंतीवर पाठवले. शुक्रवारच्या मोजमापाला नवी नळी हवी होती. रसवंतीचे मालक गंगाधर बोराडे उसाची कांडकी चरकात घालत होते. मी जवळ गेले तशी चाकाला बांधलेली घुंगरे माझ्या बाजूला झुकली आणि तशीच राहिली. चाक फिरत होते पण घुंगरे वाजत नव्हती.

"ताई, जरा लांब उभ्या राहा. चरक अडकतोय."

मी लांब झाले. घुंगरे वाजली.

"एक पांढरी नळी पाहिजे. नेहमीची."

त्यांनी माझ्या खांद्यांकडे पाहिले, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, शिंपी पाहतो तसे. "नेहमीची तुम्हाला तंग होईल."

"मग मोठी आहे का?"

"आहे ना. काढून ठेवली आहे. तुमच्या मॅडम येऊन माप सांगून गेल्या."

"कधी?"

"झाले की आठ-दहा दिवस."

आठ-दहा दिवसांपूर्वी माझे स्फटिक तयारही झाले नव्हते. मी तसे म्हणाले. बोराडेंनी हात पुसले. "ते मला काय माहीत, ताई? माप सांगितलं, मी नळी आणली. रस घेणार का? आलं-लिंबू टाकतो."

मी रस घेतला नाही. नळी माझ्यापेक्षा उंच होती. बोराडेंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले. खांद्यावर ती हलकी होती. तिला उसाच्या रसाचा वास येत होता.

प्रयोगशाळेत मॅडम एकट्याच होत्या. म्हणजे दांडगे आणि दीपालीही होते, पण पाठीला पाठ लावून.

"तुम्ही आधीच नळी सांगितली होती," मी म्हणाले.

"तयारी आधीच करावी लागते."

"मॅडम, तुम्ही होकायंत्रासमोरून चालला नाहीत."

"फोन आला होता."

"मग आता चाला. किंवा माझ्या पाठीला पाठ लावा. तुम्हीही एकट्याच आहात. दोघी शून्य होऊ आणि काटा उत्तरेला जाईल."

मॅडम विचार करत होत्या. त्या विचार करताना नेहमी चांगल्या दिसतात. "आणि तज्ज्ञांना पदार्थ कोण दाखवणार? आपण दोघीही दिसेनाशा झालो तर तो त्या स्टुलावरच्यांचा होईल."

स्टुलावर कोणीतरी श्वास रोखला.

"स्टुलावर कोण आहे?" मी विचारले.

"कोणी नाही," मॅडम म्हणाल्या. "नळी उभी कर."

मी वर्तमानपत्र सोडले आणि नळी खोलीच्या मधोमध उभी केली. ती बरोबर बसली. इतकी बरोबर की मी वळले तेव्हा नळीच्या बाहेर काही उरले नव्हते. भिंती म्हणजे नळीच होती. टेबल, बेसिन, पंखा, दार, सगळे वर कुठेतरी राहिले होते, आणि वर, फार उंचावर, उजेडाचे एक गोल भोक होते. टेबलावरची कुपी तेवढी माझ्या हातात होती. स्फटिक सगळे एका बाजूला तोंड करून बसले होते. मी कुपी फिरवली, तरी ते त्याच बाजूला पाहत राहिले. ती बाजू माझी नव्हती. मी हे पहिल्यांदाच पाहत होते. सोमवारपासून सगळे काटा पाहत होते, स्फटिकांकडे कोणी पाहिले नव्हते.

शुक्रवार उजाडला तो वरून खुर्च्या ओढल्याच्या आवाजाने. तज्ज्ञ आले असावेत. कोणीतरी खोकले, कोणीतरी चहात साखर किती असे विचारले. मग भोकाच्या कडेवर तोंडे आली. एक मॅडमचे. दुसरी एक सावली होती, तिला दोन बाजूंना दोन नाके होती.

"आधी रिकामी," मॅडम म्हणाल्या. "कुपी वर दे, कावेरी."

"कुपी दिली तर मी काय धरणार?"

"काहीच नाही. रिकामी म्हणजे तू. मग भरलेली मोजू, मग तुला वजा करू. राहील ते तुझं."

हा नियम माझाच होता, त्यात चूक काढता येईना. मी कुपी वर धरली. मॅडमचा डावा हात खाली आला, फार लांब होऊन, आणि कुपी घेऊन गेला. जाताना स्फटिक काचेच्या आत सरकले आणि त्यांनी पुन्हा त्याच बाजूला तोंड केले.

थंडी पायांकडून आली. घोट्यांपर्यंत आली तेव्हा पावले जुळली. गुडघ्यांपर्यंत आली तेव्हा गुडघे जुळले. ती चढत होती आणि माझ्यातले जे काही इतके दिवस वाटेल तिकडे पाहत होते ते एकेक करून रांगेला लागत होते. दुखत नव्हते. शाळेत प्रार्थनेला उभे राहताना व्हायचे तसे होत होते. पोटापर्यंत आल्यावर मला आईचा आवाज आठवेना, तिने जेवलात का विचारले एवढेच आठवत राहिले.

"दीपाली, काटा वाच," मॅडम म्हणाल्या.

"दीपाली दिसत नाही ना, मॅडम, तुम्हाला," दांडगेचा आवाज आला.

"कोणीही वाचा."

मग दीपाली म्हणाली, "मॅडम, काटा नाही. होकायंत्र काल वजा झालं. काटा पोलादाचाच होता."

वर चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. एक अनोळखी पुरुषी आवाज सौम्यपणे म्हणाला, "मग लोखंड कुठे आहे हे कळणार कसं, टिळेकर?"



"ती आहे की," दांडगे म्हणाला. "काटा तिच्याकडे वळायचा. म्हणजे तीही वळणारच."

थंडी गळ्यापर्यंत आली होती. मला हसू आले, पण ओठ आधीच रांगेत होते. मग तळव्यांखाली काहीतरी सुटले, आणि मी वळू लागले. सावकाश, एका दिशेने, जडपणे. मी ते करत नव्हते आणि मला ते थांबवता येत नव्हते. माझा चेहरा वर होता. उजेडाच्या गोल कडेवरून तो सरकत गेला. एका अनोळखी चष्म्यावरून गेला. दोन नाकांच्या सावलीपाशी आला, तिथे जरा थरथरला, कारण ते दोघे त्याच क्षणी घाबरून एकमेकांपासून सुटले होते आणि दीपालीचे हात मला पहिल्यांदा वरून दिसले, स्वच्छ, ताज्या नेलपॉलिशचे. मी तिथे थांबले नाही.

मी पुढे गेले.

वर टिळेकर मॅडमनी उजवा हात खिशातून काढला आणि पाठीमागे नेला.